हळदीखालची पट्टी

"भरला गो दर्या, भरू दे भरती,
नवरीचे पावलाखाली सोन्याची माती…"

ओळ संपायची आणि मग सुई यायची. ओळीच्या आत कधीच नाही. आईचा नेमच होता तो. एकदा तोंडातून धवला सुरू झाला की तो मधे तोडायचा नाही. लग्नाचा असो की लेकीच्या मांडीवरच्या सुईचा. स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज उकळून झालेली असायची, तिचा टणटण आवाज थांबलेला असायचा, घासलेटाचा वास पहाटेच्या खाऱ्या वाऱ्यात मिसळून नाकाशी बसलेला असायचा. आई ओट्यावर बसून नंदिनीच्या मांडीचा चिमटा धरायची आणि गायची. नजर सुईवर नसायची, लेकीच्या तोंडावरही नसायची. खाडीपलीकडे कुठेतरी असायची. कधी कधी हाताला धीर व्हायचा नाही. तेव्हा ओळ लांबत जायची, दर्या भरतच राहायचा, सोन्याच्या मातीवर मोत्यांचा सडा पडायचा, सड्यावर आणखी कुणी करवली येऊन उभी राहायची, आणि शाळेचा निळा परकर वर घेतलेली नंदिनी त्या वाढीव ओळींमध्ये श्वास धरून बसायची. मग ओळ संपायची. "झायला गो बाय, झायला," आई म्हणायची, आणि उठून भाकरीच्या पिठाला हात घालायची.

आई, चांगुणाबाई, धवलारीण होती, लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. बेलापूरच्या खाडीकाठच्या त्या आगरी गावात भटजी लग्न लावून जायचे, पण लग्न लागलं असं बायका तेव्हाच म्हणायच्या, जेव्हा चांगुणाबाईचा आवाज मांडवातून एकदा फिरून आलेला असायचा. इतर मुलींना धवला म्हणजे हळद, नवी साडी, गोडाचं जेवण. नंदिनीला धवला म्हणजे त्याचा शेवट. अजूनही कुठे मांडवात धवल्याची ओळ थांबली की तिची उजवी मांडी आपोआप आकसते. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे? मिठागरं गेली, त्यांच्यावर सेक्टर उठले, बाप गेला, ती शिकली, प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून बेलापुरात नोकरीला लागली, सांगलीकडच्या आशुतोषशी लग्न करून नेरुळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आली; मांडी मात्र तिथेच, त्या ओट्यावर, ओळ संपायची वाट बघत बसलेली.

आज रविवार होता. मे महिन्यातला, सकाळीच चिकट झालेला. पंख्याखाली पलंगावर दोन पाकिटं उघडी पडली होती आणि त्यांच्यापुढे आशुतोष मांडी घालून बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. एका पाकिटात सुईवाला सेट: बारीक पोलादी सुई, बाजूला फुलपाखराच्या पंखांसारखे दोन प्लॅस्टिकचे कान, मागे हातभर लांब नळी. दुसऱ्यात मऊवाला: त्यात सुई फक्त वाट दाखवायला, ती टोचून काढून घ्यायची, आणि कातडीखाली राहायची केसरासारखी एक मऊ पांढरी नळी. दोन्हींचं दुसरं टोक त्याच यंत्राला जायचं, जे या क्षणी नंदिनीच्या परकराच्या नाडीत खोचलेलं होतं. ते यंत्र दिवसभर तिच्या पोटात थेंब थेंब इन्सुलिन सोडत असे. आशुतोषची बहीण गीतांजली अमेरिकेत होती, तिने ते गेल्या वर्षी पाठवलं. तेव्हापासून बसमध्ये कंडक्टर "मॅडम, पेजर सांभाळा" म्हणतो, ऑफिसात शिपाई विचारतो, "शेअर बाजार काय म्हनतो मॅडम?" आणि नंदिनी "पडलाय" म्हणते.

यंत्राबरोबर आलेले सेट संपत आले होते. गीतांजलीच्या ओळखीचे मानसिंग म्हणून कुणी या आठवड्यात मुंबईला येणार होते, त्यांच्या बॅगेत एक मोठं खोकं बसणार होतं. एकाच प्रकारचं. कुठलं ते गीतांजली आज फोन करून विचारणार होती.

"हे बघ," आशुतोष म्हणाला. महाप्याच्या कंपनीत तो मोजमापाच्या उपकरणांचं काम बघायचा, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे तशाच नजरेने बघायचा, प्रेमाने पण आधी उलटीसुलटी करून. "सुईवाल्याची एकच जमेची बाजू. वाकत नाही. बाकी सगळा त्रास. आंघोळीला सुटत नाही, पिशवीत घालून पंप खुंटीला लटकवायचा. कुशीवर वळलीस की टोचणार. निऱ्या खोचल्यास की टोचणार. आणि मऊवाला म्हणजे, एकदा बसला की तुला कळणारसुद्धा नाही."

"हं."

"नुसतं हं काय?"

"कळणारसुद्धा नाही, हे ऐकलं मी."

"मग? आता बुधवारी जे झालं ते काही सेटमुळे नाही झालं. हळदीमुळे झालं. तेल लागलं, पट्टी सुटली. पुढच्या वेळी काळजी घ्यायची, संपलं. कम्फर्ट महत्त्वाचा, नंदिनी. हे लाँग टर्म आहे."

लाँग टर्म म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. त्या शब्दाचं पोट किती मोठं आहे तेही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं: साखर आधी काही महिने सलग सुतासारखी सरळ राहू दे, मगच दुसऱ्यांदा विचार करा. पहिल्यांदा विचार केलाच नव्हता, नुसतं झालं होतं, आणि पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर गीतांजलीने हे यंत्र पाठवलं, स्वतःच्या हाताने राखी बांधावी तसं रिबिन बांधून. म्हणजे यंत्र तिच्यासाठी आलं होतं खरं, पण तिच्या पलीकडे कुणासाठी तरी आलं होतं. ती मधला स्टेशनमास्तर होती, गाडी सुखरूप पुढे सोडायची. आज फोनवर ती जे नाव घेईल त्या नावाच्या खोक्यात सेट येतील आणि सेटच्या आत, सुईच्या किंवा नळीच्या पोकळीत, तिचा होकारही गुंडाळून येईल. तिला थकवा आला. हा थकवा नवा नव्हता, साखर चढल्याचा नव्हता, उतरल्याचाही नव्हता. ती दोन्ही तिला ओळखता यायची. हा तिसराच होता, त्याला मोजायची पट्टी अजून कुठल्या देशात निघाली नव्हती.

बुधवारी गावात रुतिकाची हळद होती. रुतिका नंदिनीच्या चुलतभावाची मुलगी, आताआतापर्यंत फ्रॉकात होती. सिडकोने सोडलेल्या मोकळ्या प्लॉटवर मांडव, बेंजोवाले घामाने थबथबलेले, टेम्पोतून उतरणाऱ्या खुर्च्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पाटाभोवती बायकांचं कोंडाळं. नंदिनी सकाळीच मऊ सेट नवा घालून गेली होती, बेंबीच्या बाजूला, वर चौकोनी चिकटपट्टी, त्यावर निऱ्या. गंगूमावशीने कमरेचा पंप पहिल्यांदा पाहिला.

"यो कंचा पेजर गो, नंदे? साहेबाचा बोलावना येतंय क काय?"

"पेजर नाय मावशी. औषधाचा हाय."

"औषदाला पन पेजर!" गंगूमावशी टाळी देत म्हणाली. "जमीन घेतली, मीठ घेतला, पन शिडकोनी पोरींना काय काय दिला बग!"

बायका हसल्या. नंदिनीही हसली, मोकळं हसली. त्या कोंडाळ्यात ती फाइलवाली मॅडम नव्हती, साखरेच्या आकड्यांची बाई नव्हती, चांगुणाची नंदी होती. आईने पाटाशी बसून घसा साफ केला, पाणीसुद्धा न पिता पहिली ओळ उचलली, आणि ओळ मांडवाच्या कापडाला लागून खाली आली. आईचा आवाज आता फाटला होता. फाटलेल्या लुगड्यातून ऊन दिसावं तसं त्यातून काहीतरी दिसायचं. रुतिकाच्या गालाला, हाताला, पावलांना हळद लागली. तेलात कालवलेली, दाट, उन्हात चकाकणारी. आणि मग नवरीच्या अंगावरून उतरलेली ती हळद ओंजळीत घेऊन गंगूमावशी नंदिनीकडे वळली. नंदिनीला कळलं. त्यांच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांचा हा जुना हट्ट होता: जिची कूस उजवायची तिच्या पोटाला नवरीची हळद लावायची, आणि तीही विचारून नाही, अचानक, नको म्हणायला सवड न देता.

"आन इकरं पोट. लाजतंस कनाला? पुढले वर्साला पालन्याची दोरी मीच धरीन."

सवड होती. खरं तर पुरेशी सवड होती. पदर बाजूला होईपर्यंत, तो खडबडीत, मासळी निवडून निवडून चिरा पडलेला प्रेमळ तळवा पोटापर्यंत येईपर्यंत "नको" हा शब्द नुसता तोंडातून खाली सोडायचा होता. मावशी, नको, इथं पट्टी हाय. पण तो शब्द ओठांशी आला आणि तिला भीती वाटली, की तो एकटा येणार नाही. नको म्हटलं की त्याच्यामागून दुसरा शब्द येईल, त्याच्यामागून तिसरा, माळेसारखे ओघळतील, आणि एवढ्या बायकांदेखत, नवरीदेखत, गाणाऱ्या आईदेखत ती जे बोलेल ते परत गिळता येणार नाही. म्हणून तिने पोट पुढे केलं. हळद गार लागली. एक हात, मग दुसरा, मग हसतखिदळत तिसरा. प्रत्येक हाताला एकेक आशीर्वाद, प्रत्येक आशीर्वादाला तेल. "भरू दे गो, भरू दे," कुणीतरी म्हणालं. पट्टीच्या कडा त्या तेलात एकेक करून सुटत गेल्या असतील. तिला काहीच कळलं नाही. मऊ नळी मऊपणानेच बाहेर आली असेल.

मग वास आला. हळदीच्या, घामाच्या, मोगऱ्याच्या वासाखालून एक बारीक वास, दवाखान्याच्या लादीसारखा, नव्याने फाडलेल्या बँडेजसारखा. आधी तिला वाटलं कुणी फिनेल टाकलं. मग तिच्या नाकाने तिच्या आधी ओळखलं. इन्सुलिनचा वास. तो बाहेर येऊ नये, आत असावा. तिच्या पोटात जायचं ते तिच्या परकरात झिरपत होतं. तिने उठायला हवं होतं. पण तिचा हात तेव्हा चार सवाष्णींच्या हातांबरोबर रुतिकाच्या डोक्यावर होता, आईचा धवला मध्यावर होता, आणि रुतिका रडू लागली होती. नवरी रडली की आई ओळ लांबवायची, तिचं रडून होईपर्यंत. दर्याला भरती आली, होड्या लागल्या, होड्यांतून मामा उतरले, मामांनी चुडे आणले. आईने तिच्याकडे पाहिलंही एकदा. लेकीचा चेहरा उतरलाय हे तिला दिसलं, नंदिनीला तिच्या डोळ्यांत ते दिसलं. पण आवाज पुढे गेला. ओळीच्या आत आई थांबत नाही. नंदिनी त्या लांबलेल्या धवल्यात बसून राहिली, जिभेला कोरड पडत होती, आणि मांडी जुन्या सवयीने ओळ संपायची वाट बघत होती. सुई येणार नव्हती, आणि या वेळी नेमकी सुईच हवी होती.

मांडवामागे पाण्याच्या पिंपाशी जाऊन तिने पाहिलं तेव्हा पट्टी पिवळीधमक होऊन एका कोपऱ्याने लोंबत होती. पर्समध्ये दुसरा सेट नव्हता, तो घरी कपाटात होता. घर कितीसं लांब? रिक्षाने जाऊन येता आलं असतं. पण जेवणाची पंगत बसली होती, कुणीतरी हाताला धरून नेलं, आणि ती बसली. का बसली? आशुतोषने हॉस्पिटलात हा प्रश्न एकदाच विचारला, हळू, आणि उत्तराची वाट न पाहता सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. संध्याकाळपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या, श्वासाला कुजलेल्या फळाचा वास येत होता, वाशीच्या रस्त्यावरचे दिवे एकात एक विरघळत होते. दोन दिवसांनी घरी सोडलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. "सुटलेली पट्टी कुणाच्याही लक्षात येणार नाही," म्हणाल्या, "मऊ सेटचा तोच तोटा, पण बाकी आरामाचा आहे. तुम्हीच ठरवा." सगळे तिच्याशी असेच बोलत. मऊ. टोचेल असं कुणी काही बोलत नसे. पाचव्या महिन्यानंतर आशुतोषने तर आवाजातली सुईच काढून ठेवली होती. भांडणसुद्धा तो आता पाणी घालून करायचा. त्याला मूल हवं आहे का, किती हवं आहे, तिला माहीत नव्हतं. तो म्हणायचा, "तुझी तब्येत महत्त्वाची." आणि मधल्या छोट्या खोलीत इस्त्रीचं टेबल ठेवायला मात्र कधी तयार व्हायचा नाही. "राहू दे, रिकामी बरी वाटते."

काल आई आली होती. सकाळच्या बसने, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी घेऊन. सोसायटीच्या जिन्यात ती नेहमी चपला हातात घेऊन चढते, आवाज नको म्हणून. पलंगाशी बसली, लेकीच्या केसांतून हात फिरवला, मग ती दोन पाकिटं उचलून डोळ्यांशी धरली.

"यातली दुखनारी कंची?"

"ही."

"आन ही?"

"हिचं कळत नाही."

आईने पोलादी सुई पाकिटात परत घातली, जपून, जशी ती काचेची सिरिंज फडक्यात गुंडाळायची. "मग हीच घे गो मऊ. बस झाला आता दुखना." थोडं थांबून म्हणाली, "तुना टोचून टोचून माझं हात दमलं व्हतं. गायाची ती काय तुझ्यासाठी गायाची? माझ्या हाताला भुलवायासाठी गायाची." इतकी वर्षं नंदिनीला वाटत होतं, गाणं तिच्यासाठी होतं. ते तसं नव्हतं हे कळून वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं, हलकं वाटलं, कुणीतरी तिच्या अंगावरून एक जुनं पांघरूण काढून घेतलं आणि खाली दोघीही उघड्या निघाल्या. आईला जवळ घ्यावं, तिला ते वाक्य सांगावं असं तिला वाटलं. पण आई तेवढ्यात म्हणाली, "पुढले टायमाला हलद जरा बाजूला लावू. पट्टी सोरून." आणि भाकरी वाढायला उठली.

ते वाक्य. ते नंदिनी मनातसुद्धा पुरतं उच्चारत नसे. सुरुवात झाली की वळण घ्यायची, पंपाची बॅटरी बघायची, बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवायची, आकडा येईपर्यंत तेवढा वेळ तरी जायचा. पाचव्या महिन्यात हॉस्पिटलातून आली तेव्हा ती खूप रडली होती, खोटं नव्हतं ते रडणं. रात्री पोटावर हात ठेवायची आणि हात रिकामा व्हायचा. पण त्या रडण्याच्या तळाशी, विहिरीच्या तळाला थंड दगड लागावा तसं, पायाला काहीतरी लागलं होतं. त्या पाच महिन्यांत तिचं शरीर तिचं राहिलं नव्हतं. सकाळचा आकडा, जेवणानंतरचा आकडा, झोपेतून उठवून घेतलेला आकडा. आकडा चढला की सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावरून तिच्या पोटावर यायचे, आणि परत तोंडापर्यंत येताना वाटेत कुठेतरी रागाचे, दयेचे व्हायचे. लहानपणापासून ती जगण्यासाठी टोचून घेत आली होती. त्याचा तिला कंटाळा नव्हता. बाई विहिरीवर पाण्याला जाते तसं ते. पण ते पाणी तिच्या स्वतःच्या घागरीचं होतं. दुसरी घागर डोक्यावर ठेवली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, मान किती दमली आहे. आणि तो तळाचा थंड दगड दुःखाचा नव्हता. त्याच्यावर तिला, लाज वाटत असूनही, उभं राहता येत होतं.

"पाणी देऊ?" आशुतोषने विचारलं.

"नको. ते सेट इकडे दे."

त्याने दोन्ही पाकिटं दिली. तिने सुईवाला उचलला, उठून आरशासमोर गेली, पदर बाजूला केला. जुन्या जागेवर अजून पिवळी कडा होती, धुऊन न गेलेली. ती सोडून, निऱ्यांपासून दूर, कमरेच्या बाजूला तिने जागा शोधली, स्पिरिटने पुसली, कातडीचा चिमटा धरला. बाहेर खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता, सोसायटीचा वॉचमन कुणाच्या तरी स्कूटरवरून कुणाशी तरी वाद घालत होता. तिने काही गुणगुणलं नाही. सुई गेली. नेमकी, स्पष्ट, एक छोटंसं "मी इथे आहे" म्हणणारं दुखणं. तिने पट्टी दाबली, नळी पंपाला जोडली, कमरेतून जरा वळून पाहिलं, टोचलं. पुन्हा वळली, पुन्हा तिथेच टोचलं. निघालीच तर ही सुई निघताना सांगून जाईल. रात्री उशीत तोंड खुपसून झोपताना, बसमध्ये कुणाचं कोपर लागताना, कुणी प्रेमाने हळद लावताना, ती ओरडेल. आपल्या शरीरात ओरडणारं काहीतरी आहे याचा तिला इतका आधार वाटला की तिला आरशात स्वतःचं हसू दिसलं.

"अगं, हा कशाला लावलास?" आशुतोष मागे येऊन उभा राहिला. "दुखेल ना."

"दुखू दे ना."

"उगाच काय हट्ट. मला बघवत नाही."

"तू बघू नकोस."

ते टोचलं त्याला. बऱ्याच महिन्यांत तिने त्याला टोचेल असं काही म्हटलं नव्हतं. तो दारापर्यंत गेला, परत फिरला, त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधीची ती गोंधळलेली, उघडी रेषा आली आणि नंदिनीला तो फार जवळचा वाटला, लग्नाआधी बेलापूरच्या बसस्टॉपवर भांडायचा तेव्हासारखा. तिला त्याला तिथेच, त्या क्षणी सांगावंसं वाटलं. तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला, लांब लांब वाजणारी परदेशी घंटी, आणि दोघंही एकदम तिकडे गेली. आशुतोषने स्पीकरचं बटण दाबायला हात केला, तिने रिसीव्हरच उचलला.

"नंदू? आवाज येतोय? अगं किती घाबरवलंस! आशूने मला परवा सांगितलं." गीतांजलीचा आवाज मधे मधे बुडत होता, समुद्राखालून आल्यासारखा. "तुमच्या त्या हळदीला काय सगळं अंग रंगवून घेतात का? आमच्याकडे तर बोटभर लावतात."

"आमच्याकडे ओंजळभर लावतात, गीताताई."

"ते दिसलंच! बरं ऐक, माझ्याकडे रात्र झालीय, मानसिंग उद्याच पॅकिंग करतायत. कुठला सांगू? मी तर मऊवालाच ऑर्डर करून ठेवणार होते."

"सुईवाला."

"सुईवाला? वेडी आहेस का? इथे तो आता कुणी घेतसुद्धा नाही. नंदू, तू आत्ताचा विचार करतेयस. पुढचा कर. सहावा-सातवा महिना लागला, पोट असं ताणलं गेलं की पोलादी सुई किती टोचेल, कल्पना आहे तुला? मी इथल्या नर्सला विचारलंय मुद्दाम. तेव्हा मऊच लागते. हा हट्ट आत्ता परवडेल, पोट वाढल्यावर नाही परवडणार."

आशुतोष समोर उभा होता. फोनमधलं सगळं त्याला ऐकू येत होतं. गीतांजली परदेशातून बोलताना नेहमी ओरडून बोलायची. तो मान हलवत होता, बघ, मी तेच म्हणत होतो. नंदिनीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, त्या हालचालीने कमरेत टोचलं, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. नजर हटवली नाही.

"पोट वाढणार नाही, गीताताई," ती म्हणाली.

"असं काय बोलतेस गं, देव करो आणि…"

"नाही, ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मला पुन्हा जमायचं नाही. तुम्ही यंत्र पाठवलंत, ते मला रोज लागतं, रोज तुमची आठवण येते. त्याच्यावर मी नीट राहीन, आकडे सांभाळीन, जेवीन, ऑफिसला जाईन, म्हातारी होईन. पण ते माझ्यासाठी. मला मूल नकोय. तेव्हाही भीती होती, पण कारण ती नव्हे, मला खरंच नकोय. गेलं तेव्हा मी रडले आणि तळाशी मला बरं वाटलं. हे मी आईला सांगितलं नाही, डॉक्टरना सांगितलं नाही. आशुतोषलाही कधी सांगितलं नाही. तो इथे माझ्यासमोर उभा आहे, त्यालाही हे आत्ताच कळतंय."